चालू दुकान विकत घेताय? दावा लावायची तीन वर्षांची मुदत बघा, माझे 3,64,600 गेले

कुणी चालू दुकान, गिरणी, मेडिकल विकत घेत असेल तर हे वाचाच. मे 2022 मध्ये मी लातूर जिल्ह्यात एक कृषी सेवा केंद्र घेतलं. माल 7,20,000, फर्निचर 1,80,000 आणि गुडविल (दुकानाच्या नावाचे आणि बांधलेल्या गिऱ्हाइकांचे पैसे) 2,50,000, असे रोख 11,50,000 मोजले. विकणारा बायकोच्या नात्यातला, मी त्याला दाजी म्हणायचो. डिस्ट्रिब्युटरची जुनी बाकी 31 मे 2022 पर्यंत मी भरतो असं त्यानं बॉन्डवर लिहून दिलं होतं. भरली नाही. पेरणी तोंडावर, दारात शेतकरी उभे आणि डिस्ट्रिब्युटर म्हणतो आधी मागचं क्लिअर करा मग बियाणं, मग काय करणार, बायकोचं सोनं ठेवून 3,84,600 मीच भरले.

त्यानंतरचं तुम्हाला माहितीच आहे. सोयाबीन निघू द्या पाव्हणं, तूर येऊ द्या, भाव येऊ द्या. 2024 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 आणि अडतीवर त्याच्याही खाली, त्यामुळं त्याचं रडणं खरंच वाटायचं. नाही म्हणाला नाही कधी, गोड बोलायचा.

एकदा फार मागं लागलो तर 20,000 दिले. मी म्हणलं फोनपे करा दाजी, तर म्हणे रोखच घे. मी वहीत लिहून सहीसाठी पुढं केली, त्यानं पेन हातात घेतलं, माझ्याकडं बघितलं, टोपण लावून माझ्याच खिशात खोचलं आणि म्हणाला, "आपल्यात सह्या कशाला रं?" तिथंच ओळखायला पाहिजे होतं! बाकी मान्य केल्याचं सहीनिशी लिहून दिलं, किंवा थोडे पैसे देताना तसं स्वतःच्या हातानं लिहिलं, तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्यानं मोजतात, फक्त ते पहिली मुदत संपायच्या आत व्हायला लागतं. त्याला हे पक्कं माहीत होतं. पण बायकोच्या माहेरच्या माणसाला कोण म्हणणार की सही केल्याशिवाय उठू नका?

आणि खरी चलाखी पुढंय. बॉन्डमध्ये खाली एक ओळ होती, सहा महिन्यांत तक्रार केली नाही तर खरेदीदाराचा हक्क संपला. 2023 ला ती ओळ दाखवून म्हणाला, कायद्यानं तुझं काही निघत नाही, नातं म्हणून देतोय. मी गप्प, कारण भांडलो तर तेवढंही देणार नाही ही भीती. आता वकील सांगतात की करार कायद्याच्या कलम 28 मध्ये 1997 ला बदल झाला तेव्हापासून असली ओळ रद्दच धरतात. म्हणजे जी मुदत नव्हतीच तिची भीती घालून त्यानं खरी मुदत निघून जाऊ दिली.

पोलीस ठाण्यात गेलो तर सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. अर्जाची पोच मागितली तर साहेब बंदोबस्तात. वर अर्ज केला, तो फिरून त्याच ठाण्यात त्याच टेबलावर, आणि तोच हवालदार विचारतो तुम्ही वर कशाला गेलात? चौकशी चालू आहे, चौकशी चालू आहे, वर्ष गेलं यातच. अरे सिव्हिल आहे म्हणता तर त्याच दमात एवढं तरी सांगा की बाबा तीन वर्षांच्या आत दावा लाव, तुमचा अर्ज इथं पडून असला तरी मुदत थांबत नाही! पगार कशाचा घेतात हे लोक?

2025 च्या दिवाळीनंतर वकिलाकडं गेलो. त्यांनी बॉन्डवरच्या तारखेवर बोट ठेवलं. करार मोडला तिथून तीन वर्षं, म्हणजे मे 2025 अखेर. मी पैसे भरले तिथून धरलं तरी जून 2025. उशीर माफीचा अर्ज अपिलाला चालतो, दाव्याला नाही, आणि समोरच्यानं मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्ट स्वतःहून दावा काढून टाकतं. वकिलाची नोटीस पाठवूनही मुदत थांबत नसते, नोटीस गेली म्हणून निवांत बसू नका.

आता एकच वाट आहे, त्यानं पैसे देतो असं सहीनिशी नव्यानं लिहून द्यायचं, मुदत गेलेल्या बाकीलाही ते चालतं. मी बोललो त्याच्याशी. "मुदत गेली ना? मग कर काय करायचं ते," म्हणाला आणि फोन ठेवला.

ज्यांचे करार 2023 चे आहेत त्यांनी बॉन्ड आजच काढा, समोरच्यानं कुठल्या तारखेला काय करायचं होतं ते बघा आणि ती तारीख घेऊन सरळ वकिलाकडं जा, ठाण्यात नाही.