फायबरवरचा लँडलाइन आणि वाय-फाय कॉलिंग: सव्वा वर्षाचा अनुभव

आमच्या जुन्या घराच्या भिंती दीड हात जाडीच्या आहेत, त्यामुळे मोबाइलची रेंज ओसरीवरच संपते, आणि आई तर दिवसभर माजघरात असते. सव्वा वर्षापूर्वी तांब्याच्या तारेवरचा लँडलाइन काढून एका खासगी कंपनीचे फायबर कनेक्शन घेतले. महिन्याला ४९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ५८९ रुपयांत इंटरनेट आणि त्याच केबलवर लँडलाइन, असा हा प्लॅन आहे. इंटरनेटच्या वेगाबद्दल तक्रार नाही. कनेक्शन घेतले ते बोलण्यासाठी, म्हणून परीक्षणही बोलण्याचेच करतो.

सर्वांत मोठा फरक पडला तो वाय-फाय कॉलिंगमुळे. फोनच्या सेटिंगमधील एक बटण सुरू केले की साधा कॉल टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून जातो. त्यासाठी वेगळे ॲप लागत नाही, समोरच्याकडे इंटरनेट असण्याचीही गरज नसते. भारतात ही सोय एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केली, तरी आमच्या गल्लीत अनेकांना ती आपल्याच फोनमध्ये आहे हे ठाऊक नाही. जुन्या लँडलाइनवरून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जात असे, आणि 'स' व 'श' वेगळे ओळखायला ज्या उंच कंपनांची मदत होते ती बरीचशी वाटेतच गळत. वाय-फाय कॉलमध्ये दोन्ही टोकांना एचडी व्हॉइस, म्हणजे रुंद पट्ट्याच्या आवाजाची सोय, असेल तर हा पट्टा ७,००० हर्ट्झपर्यंत जातो. आईला कमी ऐकू येते. नागपूरच्या बहिणीला तिचे प्रत्येक वाक्य दोनदा बोलावे लागे, ते आता पुष्कळ कमी झाले आहे. मात्र बोलता बोलता परसात गेले की कॉल तुटतो, कारण वाय-फाय सुटते आणि धरायला टॉवर नसतो.

लँडलाइनची गोष्ट वेगळी आहे. फोनची वायर आता भिंतीतल्या खोक्यात न जाता राउटरच्या मागच्या खाचेत जाते. खरखर गेली, पण आवाजाचा पट्टा जवळपास पूर्वीइतकाच राहिला. हौसेने वडिलांचा तबकडीचा फोनही लावून पाहिला: घंटा वाजते, बोलणे ऐकू येते, पण नंबर फिरवता येत नाही, कारण आमच्या राउटरला तबकडीचे ठोके कळतच नाहीत.

माझी खरी नाराजी विजेबद्दल आहे. तांब्याच्या तारेवरचा फोन एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चाले, म्हणून गावभर अंधार असला तरी घरातला फोन जिवंत असे. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही; घरातली वीज गेली की राउटर बंद, आणि त्याबरोबर लँडलाइन व वाय-फाय कॉलिंग दोन्ही एकदमच मुके होतात. कनेक्शन देताना कंपनीच्या माणसाने हे एका शब्दानेही सांगितले नाही. पहिल्याच वळवात संध्याकाळी दोन तास वीज गेली, आई घरी एकटी होती आणि मी बाहेरून फोन लावत बसलो, तेव्हा ते समजले. दुसऱ्या दिवशी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस आणला; त्याचे बाराशे रुपये अर्थात माझेच. त्यावर राउटर साडेतीन तास चालतो.

दुरुस्तीची सेवा बरी आहे. एकदा राउटरवर लाल दिवा लुकलुकू लागला आणि सगळेच बंद पडले. हेल्पलाइनने तीनदा 'बंद करून चालू करा' असे सांगितले. तिसऱ्या दिवशी आलेल्या तंत्रज्ञाने मात्र मीटर लावून पाच मिनिटांत दोष शोधला. कपाट सरकवताना केबल कोपऱ्यात काटकोनात मुडपली होती. मीटरवर केबलमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद उणे २९ डीबीएम दिसत होती (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका प्रकाश जास्त), बाक काढताच ती उणे २१ झाली आणि दिवा हिरवा झाला.

पाचपैकी साडेतीन गुण. जाड भिंतींच्या घरात राहणाऱ्यांनी हे कनेक्शन जरूर घ्यावे, पण यूपीएसचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरावा आणि केबल कपाटामागून नेऊ देऊ नये.