गंगापूर रोडवरील कोरियन वर्ग : मिशनऱ्याच्या दिनक्रमावर बेतलेला अभ्यासक्रम

कोरियन मालिका पाहून भाषेकडे वळलेल्या महाविद्यालयीन मुलांची नाशिकमध्ये उणीव नाही, आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कोरियन यंत्रांशी व अभियंत्यांशी संबंध येणारे माझ्यासारखे नोकरदारही थोडेफार आहेत. या दोन्ही गटांना एकाच खोलीत बसवणारा एक वर्ग गंगापूर रोडवर एका निवासी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर चालतो. शनिवारी व रविवारी सकाळी दिल्लीत कोरियन शिकून आलेल्या ताई समोर बसून शिकवतात, तर बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी अमेरिकेतील युटा राज्यातून एक शिक्षक पडद्यावर येतात. तीन महिन्यांच्या सत्राचे शुल्क नऊ हजार रुपये असून त्यात छापील टिपणे धरलेली आहेत. येथपर्यंत यात नवे काही नाही. नवे आहे ते अभ्यासक्रमाच्या मुळाशी, कारण तो एखाद्या विद्यापीठाच्या पाठ्यपुस्तकावर नव्हे, तर मॉर्मन मिशनऱ्याच्या दिनक्रमावर बेतलेला आहे. युटाचे सर तरुणपणी कोरियात मिशनरी होते आणि परतल्यावर काही काळ नव्या मिशनऱ्यांना कोरियन शिकवत होते.

मॉर्मन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संप्रदायाचे अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे असून त्याची स्थापना १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात झाली आणि आज त्याचे मुख्यालय सॉल्ट लेक सिटीत आहे. या चर्चमधील मुलगे साधारणपणे दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष विनावेतन मिशनरी म्हणून जातात, खर्च स्वतःच्या किंवा घरच्यांच्या बचतीतून करतात, आणि कोणत्या देशात जायचे व कोणती भाषा शिकायची हे मात्र त्यांना निवडता येत नाही, ते चर्च ठरवते. सरांच्या वाट्याला एकोणिसाव्या वर्षी बुसान आले. युटातील प्रोव्हो येथील प्रशिक्षण केंद्रात दोन-तीन महिने भाषा शिकायची आणि मग थेट कोरियाचे विमान, असा क्रम होता. कोरियात या चर्चचे स्वतंत्र मिशन १९६२ पासून आहे आणि सोलचे मंदिर १९८५ मध्ये उघडले, म्हणजे कोरियनचा गंध नसलेल्या अमेरिकी मुलांना थोडक्या अवधीत बोलते करण्याचा या मंडळींचा अनुभव काही दशकांचा आहे. वर्गाची जी काही ताकद आहे, ती या मुरलेल्या पद्धतीतून आली आहे.

पहिला धडा म्हणजे सरांचा त्या काळातील दिवस. सकाळी साडेसहाला उठणे, अर्धा तास व्यायाम, अंघोळ व न्याहारी, एकट्याने धर्मग्रंथाचे वाचन, मग सोबत्याबरोबर अभ्यास, त्यापाठोपाठ तासभर केवळ भाषा, आणि त्यानंतर पांढरा शर्ट, टाय व छातीवर कोरियन अक्षरांतील काळी नामपट्टी लावून दिवसभर बाहेर. रात्री परतल्यावर दुसऱ्या दिवसाचे नियोजन आणि साडेदहाला दिवे बंद. आठवड्यातील एक दिवस कपडे धुणे, किराणा आणणे आणि घरी पत्र लिहिणे यांसाठी मोकळा असे. घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला, करता येत असे. दर आठवड्याला फोन करण्याची मुभा मिशनऱ्यांना २०१९ च्या फेब्रुवारीत मिळाली, तोवर सर परतले होते. मिशनऱ्याने एकटे फिरायचे नाही, सोबती कायम नजरेच्या टप्प्यात हवा, असा नियम असल्यामुळे आणि तो सोबती पुष्कळदा कोरियनच असल्यामुळे, भांडायचे असले तरी कोरियनमध्येच भांडावे लागे. सरांच्या मते त्यांचे व्याकरण अभ्यासाच्या तासाला सुधारले, पण जीभ सैल झाली ती भांडी कोणी घासायची या वादात.

हा दिनक्रम पाठ करून घेण्यामागे एक हिशेब आहे. ‘योसत शी सामशिप बुन’ म्हणजे सहा वाजून तीस मिनिटे. यातील ‘योसत’ हा देशी कोरियन सहा, तर ‘सामशिप’ हा चिनी उगमाचा तीस; कोरियनमध्ये तास देशी अंकांनी आणि मिनिटे चिनी अंकांनी सांगतात. मी यापूर्वी वापरलेल्या ॲपमध्ये या दोन अंकमाला दोन वेगळ्या धड्यांत होत्या, आणि कोणती कुठे लावायची हा घोळ काही केल्या संपत नव्हता. येथे दिवसभराच्या वेळा मोठ्याने म्हणताना दोन्ही माला एकाच दमात तोंडी बसतात. ‘साडे’साठी ‘बान’ असा सोपा शब्द असूनही सर सुरुवातीला तो मुद्दाम वापरू देत नाहीत.

दुसरी उसनवारी जोडीची. प्रत्येकाला एक सोबती नेमून दिला जातो आणि वर्गाबाहेर आठवड्यातून काही वेळ दोघांनी फक्त कोरियनमध्ये बोलायचे असते. माझा पहिला सोबती अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातला मुलगा होता, एरवी मला काका म्हणणारा. आम्ही कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारत झाड, कुत्रा, पाणी, दमलो, अजून एक फेरी, एवढ्या भांडवलावर संभाषण रेटत असू, आणि शब्द अडला की दोघेही हातवारे करीत असू, पण मराठीकडे वळत नसू. मागून येणाऱ्या आजोबांनी एकदा थांबून, “काय हो, मूकबधिर शाळेचे का तुम्ही?” असे विचारले, तेव्हा त्यांना उत्तरही कोरियनमध्ये द्यावे की काय, असा प्रश्न सोबत्याला खरोखरच पडला होता. या सक्तीचा उपयोग होतो, हे मी निःसंकोच सांगेन. मिशनमध्ये सोबती आणि गाव दर काही आठवड्यांनी बदलतात, म्हणून वर्गातही सहा आठवड्यांनी जोड्या बदलतात. मात्र तेथे नव्या गावात नवा सोबती आवश्यक असतो, तर येथे नुकती जमलेली जोडी विनाकारण मोडते. एवढी नक्कल करण्याची गरज नव्हती.

आता उणिवांकडे वळतो, आणि त्यांतील सर्वांत मोठी म्हणजे टिपणे इंग्रजी भाषकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, शब्दयोगी घटक नामाला मागून चिकटतो, कर्ता गाळला तरी चालतो, या गोष्टी समजावण्यात सुरुवातीचे कितीतरी तास खर्ची पडतात. अमेरिकी मुलाला ते अवघड जात असणार. पण ‘जोनन नाशिक-ए सारायो’ हे वाक्य ‘मी नाशिकमध्ये राहतो’ याच क्रमाने चालते, हे मराठी विद्यार्थ्याला एका ओळीत सांगून पुढे जाता येते. आदरार्थी रूपांचेही तसेच. ज्याच्याविषयी बोलतो त्याचा आदर वेगळा आणि ज्याच्याशी बोलतो त्याचा वेगळा, हा कोरियनमधील भेद टिपणांत आकृत्या काढून मांडला आहे. आपण मात्र धाकट्या भावाशी बोलतानाही ‘आजोबा आले’ असेच म्हणतो, त्यामुळे या भेदाची अर्धी वाट आपण जन्मतःच चाललेलो असतो. ताईंना हे सर्व ठाऊक आहे आणि शनिवारी त्या असे मुद्दे झरझर उरकतात, परंतु बुधवारी सर पुन्हा त्यांच्यावरच तास घालवतात.

याउलट आपल्याला जे खरोखर जड जाते, त्यावर टिपणे दोन ओळींत उरकतात. ‘चंद्र’, ‘मुलगी’ आणि ‘मुखवटा’ हे तीन कोरियन शब्द केवळ पहिल्या व्यंजनाने वेगळे होतात. मुखवट्याचे व्यंजन आपल्या ‘थ’च्या आणि मुलगीचे आपल्या ‘त’च्या बरेच जवळ आहे, त्यामुळे अमेरिकी विद्यार्थ्यांना घाम फोडणारे हे दोन उच्चार आपण सहज काढतो. घोटाळा चंद्रापाशी होतो, कारण शब्दाच्या आरंभी येणारे ते ढिले व्यंजन ‘त’ही नाही आणि ‘द’ही नाही, आणि सोलच्या बोलीत ते मुख्यतः पुढील स्वराच्या खालच्या पट्टीवरून ओळखू येते. आमच्यापैकी बहुतेक जण सरळ ‘द’ म्हणून मोकळे होतात. सर दरवेळी दुरुस्त करतात, मात्र का चुकले ते सांगू शकत नाहीत, कारण देवनागरीच्या कानाला ते कसे ऐकू येते हे त्यांना कळण्याचा मार्ग नाही. मराठी विद्यार्थ्यांसाठी चार पानांची स्वतंत्र उच्चार-पुस्तिका ताईंनी काढली, तर या वर्गाचे मोल दुप्पट होईल.

सरांच्या कोरियनचाही एक विशिष्ट साचा आहे. मिशनरी अनोळखी आणि बहुधा वयाने मोठ्या माणसांशी बोलतात, म्हणून त्यांची भाषा सदैव आदबशीर असते. कारखान्यात पाहुण्या अभियंत्याशी बोलताना मला तिचा थेट फायदा झाला. पण मालिकांतील मित्रमैत्रिणींचे सलगीचे बोलणे समजावे, या आशेने आलेल्या मुली हिरमुसतात, कारण त्या पातळीवरील रूपे अभ्यासक्रमात जवळजवळ नाहीत. शब्दसंपत्तीतही मूळ व्यवसाय डोकावतो. निमंत्रण, वचन, कृतज्ञता, कुटुंब असे शब्द आम्हांला फार लवकर आले, आणि भाजी, सुटे पैसे, पावती हे शब्द फार उशिरा. भरपाई म्हणावी अशी एक गोष्ट अशी की, सर बुसानच्या बसमध्ये ऐकलेली आजीबाईंची ग्योंगसांग प्रांताची बोली मधूनच काढून दाखवतात, आणि प्रोव्होत शिकलेली प्रमाणभाषा पहिल्या दिवशी कशी निरुपयोगी ठरली, हे त्या दोन ओळींतून कोणत्याही व्याख्यानापेक्षा नीट कळते.

वर्गाविषयी सांगितले की घरोघरी विचारला जाणारा पहिला प्रश्न म्हणजे, धर्मप्रचार होतो का? माझ्यापुरते उत्तर ‘नाही’ असे आहे. एका विद्यार्थिनीने सरांना श्रद्धेविषयी मुद्दामच छेडले, तेव्हा त्यांनी दोन वाक्यांत उत्तर देऊन तिच्या प्रश्नातील प्रत्यय दुरुस्त केला आणि धडा पुढे नेला. प्रशिक्षण केंद्रात शिक्षक अनोळखी कोरियन माणसाचे सोंग घेतो आणि नव्या मिशनऱ्याने त्याला शिकवणूक सांगायची असते; तीच युक्ती येथे आहे, फक्त दाराआडच्या माणसाऐवजी दुकानदार, घरमालक किंवा इमिग्रेशन अधिकारी असतो. तसेही परदेशी मिशनरी नाशिकला नवे नाहीत. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या शरणपुरात गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकी मुले शिकत होती, आणि आफ्रिकेत फिरलेला ब्रिटिश मिशनरी व शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या अखेरच्या प्रवासात त्याच्यासोबत असलेला जेकब वेनराइट त्यांपैकीच एक. त्या काळी मराठी शिकण्याची पाळी पाहुण्यांवर होती.

वेळापत्रकावर युटाची छाया आहे. आपल्या सोमवारी सकाळी तिकडे रविवारची संध्याकाळ असते, आणि मंगळवारी सकाळी सोमवारची, जी ही मंडळी कुटुंबासाठी राखून ठेवतात. म्हणून ऑनलाइन तास बुधवारी आणि शुक्रवारी येतात. उन्हाळ्यात तो साडेसहाला असतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेतील घड्याळे मागे गेली की साडेसातला. पहिल्या पाळीला अंबडला जाणाऱ्यांची यात पंचाईत होते, आणि मार्चपर्यंत रेकॉर्डिंगवर भागवावे लागते. जोडीने बोलायच्या वर्गात रेकॉर्डिंग पाहणे जवळजवळ व्यर्थ आहे. प्रवेशाच्या वेळी ही बाब कोणी सांगत नाही, ती सांगायला हवी. खोली स्वच्छ आहे, पडदा मोठा आहे, पण एकच ध्वनिक्षेपक असल्यामुळे मागच्या रांगेला व्यंजनांतील बारकावे ऐकू येत नाहीत. पुढची जागा धरावी. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेले असल्यामुळे वाहन जरा दूर लावून चालत येणे सोयीचे. शनिवारी मध्यंतराला चहा मिळतो आणि तो चांगला असतो. सर चर्चच्या नियमानुसार चहा-कॉफी घेत नाहीत. कोरियात दोन वर्षे त्यांनी सातूचे भाजलेले दाणे उकळून केलेल्या ‘बोरीचा’वर काढली, आणि ताई कधीकधी हौसेने तोही करतात. तो मात्र सवयीचा भाग आहे.

टोपिक या कोरियन भाषेच्या प्रावीण्य परीक्षेसाठी येणाऱ्यांनी विचार करून यावे. टोपिकच्या पहिल्या टप्प्यात केवळ श्रवण आणि वाचन असते. २०० पैकी ८० गुणांना पहिली आणि १४० गुणांना दुसरी श्रेणी मिळते, तोंडी परीक्षा त्यात नाही. हा वर्ग जिभेवर मेहनत घेतो, वाचनावर फारशी नाही, आणि वेळ लावून सोडवायच्या सराव प्रश्नपत्रिका मुळीच देत नाही. माझ्या सोबत्याने त्यासाठी स्वतंत्र पुस्तक घेतले आणि शनिवारी अर्धा तास आधी येऊन ताईंकडून शंका सोडवून घेतल्या. ताई त्याला नाही म्हणत नाहीत आणि त्याचे वेगळे पैसेही घेत नाहीत. कोरियन सहकाऱ्यांशी कामापुरते, पण न घाबरता बोलायचे असेल, त्यांनी पहिले सत्र जरूर करावे, आणि शक्य असल्यास मार्चनंतरच्या तुकडीत प्रवेश घ्यावा, म्हणजे तासाची वेळ मध्येच बदलणार नाही. दुसऱ्या सत्राचे शुल्क भरण्यापूर्वी टिपणे बदलली आहेत का, एवढे ताईंना विचारून घ्यावे.