खासबाग मैदान, कोल्हापूर: प्रेक्षकाचा विचार करून बांधलेला आखाडा

राजर्षी शाहू महाराजांनी 1902 च्या युरोप दौऱ्यात रोममधील कलोझियम पाहिले आणि त्यावरून प्रेरणा घेऊन कुस्तीसाठी खासबाग मैदान उभारले, जे 1912 मध्ये खुले झाले. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि त्याच्याभोवती वर चढत जाणारी गोलाकार बैठक, एवढाच आराखडा आहे. परंतु मध्ये एकही खांब नसल्यामुळे शेवटच्या ओळीतील प्रेक्षकालाही पैलवानाची पकड दिसते, आणि ही सोय आजच्या अनेक खर्चिक स्टेडियममध्येही मिळत नाही. बांधकाम अंगापिंडाने एखाद्या जुन्या मल्लासारखे आहे: साधे, ठेंगणे आणि भक्कम.

गैरसोयीही आहेत. बैठकीवर छत नाही, त्यामुळे दुपारच्या कुस्त्यांना टोपी आणि पाण्याची बाटली न्यावीच लागते; पाठीला टेकू नसल्याने वयस्करांना दीर्घकाळ बसणे जड जाते. तरीही येथे छत घालण्याचा मोह आवरलेलाच बरा, असे माझे मत आहे, कारण खांब आले की मैदानाचा मुख्य गुणच जाईल. शेजारचे केशवराव भोसले नाट्यगृह 2024 च्या आगीत जळाल्यानंतर या परिसरातील अग्निसुरक्षेकडे मात्र तातडीने लक्ष द्यायला हवे. कुस्ती पाहायची असल्यास लवकर जाऊन मधल्या उंचीवरील जागा धरावी.