आइसक्यूबचा खुला डेटा: पल्सार शोधणाऱ्यांसाठी

न्यूट्रॉन ताऱ्यांकडून (मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटानंतर उरलेल्या अतिघन गाभ्यांकडून) उच्च ऊर्जेचे न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून सहज आरपार जाणारे सूक्ष्म कण, येतात का, हे स्वतः तपासायचं असेल तर दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब या न्यूट्रिनो टिपणाऱ्या वेधशाळेचा २००८ ते २०१८ चा डेटा जरूर उतरवून घ्या. ११ लाखांहून अधिक नोंदी, त्याही मोफत! प्रत्येकीची वेळ, दिशा आणि दिशेतली अनिश्चितता दिली आहे. मी आधी क्रॅब पल्सार या वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याभोवतीचं आकाश चाळलं. एवढं सांभाळा: ऊर्जेचा रकाना म्युऑनवरून (न्यूट्रिनो आदळल्यावर तयार होणाऱ्या, इलेक्ट्रॉनसारख्या पण जड कणावरून) काढलेला अंदाज आहे, न्यूट्रिनोची खरी ऊर्जा नव्हे. बहुतेक नोंदी पृथ्वीच्या वातावरणात तयार झालेल्या कणांच्या आहेत, त्यामुळे धीर हवा. २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, तेव्हाही आइसक्यूबला त्या दिशेकडून न्यूट्रिनो सापडला नाही. माझ्या एमएस्सीच्या मुलांना मी प्रकल्पासाठी हाच डेटा देते.