बेल्टची किरकिर आणि 16,450 रुपयांचा चुना

16,450 रुपये. इंजिनाचा बेल्ट किरकिरतो म्हणून दिलेले. तेच काम नंतर एका साध्या गॅरेजात 890 रुपयांत झालं: बेल्ट 540, मजुरी 350. हे लिहितानाही हात शिवशिवतायत.

गॅरेजचं नाव टाकत नाही. हातात पक्कं बिल नाही, आणि बदनामीची नोटीस उलट मलाच यायची. पुण्यात, हमरस्त्याला लागून, काचेचं ऑफिस, आत एसी, बसल्या बसल्या हातात चहा. टपरीवजा गॅरेजात फसवतात म्हणून लोक अशा ठिकाणी जातात, मीही गेले.

गाडी 2014 ची वॅगन-आर, पेट्रोल. पावसाळा लागला की सकाळी चालू करताना बॉनेटखालून चिक-चिक-चिक असा आवाज, जरा गरम झाली की बंद. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना साताऱ्याला सोडायचं होतं, म्हटलं एकदा दाखवून घेऊ. तिथल्या माणसाने आवाज ऐकायच्या आधी विचारलं, "कुठे लांब जायचंय का ताई?" मी सांगितलं. झालं. तिथून पुढे दर दोन वाक्यांआड खंबाटकीचा घाट. "घाटात डायनामो बसला तर बॅटरी उतरणार, लाइट जाणार, वर पाऊस. म्हातारं माणूस आहे सोबत." मेकॅनिकला कुठे जायचंय ते सांगू नका. कधीच नाही.

आता ज्या क्षणावरून माझी रात्रीची झोप उडाली तो क्षण. इंजिन चालू होतं. त्याने साध्या स्प्रेच्या बाटलीतून बेल्टच्या धारांवर (आतल्या बाजूच्या उभ्या रेघांवर) पाणी मारलं आणि आवाज गेला. साफ गेला. पाचेक सेकंदांनी परत चिक-चिक. तो म्हणाला, "बघा, पाण्याने थंड झालं की गप्प बसतं. म्हणजे आतलं बेअरिंग तापतंय. डायनामो गेला." मी मान डोलावली. सोबत दीर होते, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेले, त्यांनीही डोलावली. तेव्हा बाईमाणूस बघून फसवलं, हे मला कुणी ऐकवू नये.

अहो, बेल्टवर पाणी मारल्याने डायनामोच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या, पोटातलं बेअरिंग कसं थंड होईल? पाणी मारल्यावर आवाज गेला, याचा अर्थच दोष बेल्टचा किंवा पुल्या (बेल्ट ज्यांवरून फिरतो ती चाकं) एका रेषेत नसल्याचा. बेअरिंगचा आवाज पाण्याला दाद देत नाही. आणि पाणी मारल्यावर आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढून किंचाळायला लागला, तर बेल्ट सैल आहे, घसरतोय. ही जगभरच्या मेकॅनिकांची साधी परीक्षा आहे. त्या माणसाने ती माझ्यासमोर नीट केली, उत्तरही बरोबर आलं, आणि निकाल उलटा वाचून दाखवला. चोरी करणाऱ्याने पावती फाडून द्यावी तसला प्रकार. पण बॉनेट उघडून, तेलकट हातांचा माणूस इतक्या ठामपणे बोलतो तेव्हा त्याला उलटतपासणी घालायचं शिक्षण आपल्याला कुठे मिळालेलं असतं?

(चालू इंजिनावर ही परीक्षा स्वतः करणार असाल तर ओढणी, पदर, मोकळे केस लांब ठेवा. बेल्ट बोटंही ओढून घेतो.)

संध्याकाळी हिशेब हातात आला. डायनामो रिकंडिशन 8,500. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या आतला वेगळा बेल्ट) किट 4,200. फॅन बेल्ट, म्हणजे तो किरकिरणारा, 950. लेबर 2,800. कागदावर वर मोठ्या अक्षरात "एस्टिमेट". मी स्वतः हिशेबाचं काम करते, एस्टिमेट म्हणजे बिल नव्हे हे मला कळतं. पक्कं बिल मागितलं. "देतो ना, 18 टक्के वर लागतील." म्हणजे आणखी 2,961 रुपये. त्या वेळी कुणीही नको म्हणालं असतं. जुना डायनामो मागितला, तर "तो एक्स्चेंजमध्ये गेला, ठेवायचा असता तर 1,500 जास्त पडले असते." जुना पार्ट परत घ्यायचा असतो हे मला माहीत होतं, मी मागितलाही. पण त्यांची उत्तरं तयार असतात, हे लक्षात घ्या. काम सुरू करायच्या आधी सांगायचं: जुना पार्ट मला हवा, आणि तो काढताना मी इथेच उभी राहणार.

पैसे यूपीआयने दिले. क्यूआर कोड गॅरेजच्या नावाचा नव्हता, कुणा व्यक्तीच्या नावाचा होता.

सातारा झाला. परतल्यावर थोड्याच दिवसांत सकाळी पुन्हा तीच किरकिर. त्यांच्याकडे फोन केला तर "नवीन बेल्ट आहे ताई, सेट व्हायला वेळ लागतो." या वाक्यावर विश्वास ठेवू नका. नवा बेल्ट नीट बसवला तर पहिल्या दिवसापासून गप्प असतो.

मग ऑफिसमधल्या शिपाईमामांनी त्यांच्या ओळखीच्या मेकॅनिककडे पाठवलं. साठीचा माणूस. त्याने बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि काही न बोलता मला वाकून बघायला लावलं. अल्टरनेटर चंदेरी चकचकीत. आणि शेजारच्या काळ्या रबरी पाइपवर चंदेरी शिंतोडे. वायरच्या सॉकेटवरही रंग. अल्टरनेटरच्या मागच्या खाचेत जुना चिखल जसाच्या तसा. म्हणजे अल्टरनेटर खोललाच नव्हता, जागच्या जागी स्प्रे मारला होता! 8,500 रुपयांचा रंग.

बेल्टला बोट लावलं तर चिकट. आवाज दाबायला त्यावर काहीतरी फवारलं होतं. ते धूळ धरतं आणि बेल्ट आणखी लवकर खराब होतो. नव्या बेल्टच्या पाठीवर छपाई स्पष्ट असते, 4पीके वगैरे. पहिला आकडा धारांचा, पीकेनंतरचा आकडा लांबीचा, मिलिमीटरमध्ये. माझ्या बेल्टवर एक अक्षर वाचता येत नव्हतं. तोच जुना, एका कडेने दोरे सुटलेला. अल्टरनेटरचा एक बोल्ट ढिला, त्यामुळे तो किंचित तिरका आणि बेल्ट कडेला घासतोय. बस, एवढंच. त्या मेकॅनिकमामाने बेल्ट काढला, अल्टरनेटरची पुली हाताने फिरवून दाखवली, लोण्यासारखी फिरली. बेअरिंग गेलेलं असतं तर हाताला खरखर लागते. मग नवा बेल्ट चढवून मीटर लावला: इंजिन बंद असताना 12.6 व्होल्ट, चालू असताना 14.1. डायनामो ठणठणीत.

आणि टायमिंग बेल्ट? मामा हसायलाच लागला. या गाडीच्या के-सिरीज इंजिनात टायमिंग बेल्ट नसतोच, साखळी असते. बेल्ट जुन्या मारुती 800 ला होता. जी वस्तू गाडीत नाही ती बदलल्याचे 4,200. कुठलीही "किट" बदलायच्या आधी आपल्या इंजिनाला ती आहे का, एवढं गाडीच्या पुस्तकात बघा.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस चौकीत म्हणाले, "पैसे तुम्ही स्वतः पाठवले ना? मग हे दिवाणी मॅटर. ग्राहक मंचात जा." मी म्हटलं, नसलेला पार्ट बसवला म्हणून पैसे घेणं ही फसवणूक नाही का, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 318 कशासाठी आहे? तर, "गाडी चालतेय ना मॅडम?" आरटीओत म्हणाले, गॅरेजशी आमचा संबंध नाही. जीएसटीकडे कळवायला गेले तर त्यांना गॅरेजचा नोंदणी क्रमांक हवा. अहो, तो छापलेला कागद दिला नाही हीच तर तक्रार! ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ती "संबंधितांशी संपर्क होऊ शकला नाही" असा मेसेज येऊन बंद झाली. ते गॅरेज रोज सकाळी उघडतं, बाहेर पाटी आहे, पाटीवर मोबाइल नंबर आहे.

कहर केला तो ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर. "पक्कं बिल नाही तर तक्रार कशी घेणार?" 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो की बिल किंवा पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे ज्या गुन्ह्याची तक्रार करायची, त्या गुन्ह्यामुळेच तक्रार नाकारायची. मी कलम दाखवलं तर त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि जेवणाची सुट्टी झाली.

शेवटी ग्राहक आयोगाकडे तक्रार ऑनलाइनच दाखल केली. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांच्या आत करायची. जोडायला काय होतं? यूपीआयचा पुरावा, एस्टिमेटचा कागद, शिंतोड्यांचे फोटो, आणि मामाने त्याच्या लेटरहेडवर लिहून दिलेलं की या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही. म्हणून सांगते, पैसे पाठवताना यूपीआयच्या नोटमध्ये गाडीचा नंबर आणि काम लिहाच. मी नुसतं "कार" लिहिलं होतं.

नोटीस पोचली असावी, कारण परवा त्याच काचेच्या ऑफिसातून फोन आला. आवाज एकदम मऊ. "ताई, गैरसमज झालाय, 3,000 घ्या आणि मिटवून टाका." मी म्हटलं, आधी माझ्या गाडीतला टायमिंग बेल्ट कुठे बसवलाय ते येऊन दाखवा. त्याने फोन ठेवला.