घरी परत 'सकाळ' लावला, नऊ महिने झाले

मोबाईलवर बातम्या वाचून वाचून कंटाळा आला होता म्हणून जानेवारीत पेपरवाल्याला सांगून 'सकाळ' परत लावला, पुणे आवृत्ती. आता नऊ महिने झालेत तर सविस्तर लिहितो, कारण ओळखीतले बरेच जण विचारतात की छापील पेपर आता कशाला, आणि घ्यायचाच तर मालक कोण ते बघून घ्यायचा का.

आधी रोजचं सांगतो. साडेसहाला पेपर दारात असतो. आई (वय ७६) पहिलं पान बघतच नाही, थेट आत जाते, आधी निधनवार्ता, मग पाणी कुठे बंद, मग बाकीचं. एका बुधवारी तिनेच सांगितलं, उद्या पाणी नाही रे, पिंप भरून ठेव. सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज रात्री दहाला आला, तोवर आमचं पाणी भरून झालं होतं. मला स्वतःला हे आतलं पान गेली कित्येक वर्षं मिळतच नव्हतं, फोनवर दिल्लीचं सगळं कळायचं पण आपल्या पेठेतलं नाही.

मालकीचा विषय डोक्यात आला तो गणपतीच्या आधी माळा साफ करताना. आजोबांच्या ट्रंकेत तळाला 'सकाळ'चा जुना अंक अंथरलेला निघाला, डांबरगोळ्यांचा वास, घड्या तुटलेल्या, पण वर किंमत स्पष्ट दिसत होती, ७ नवे पैसे. त्या ७ पैशांसाठी केवढी लढाई झाली ते नंतर वाचलं आणि खरंच भारावून गेलो.

डॉ. नानासाहेब परुळेकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि १ जानेवारी १९३२ ला त्यांनी हा पेपर काढला. पुण्यात 'केसरी'चा दबदबा, पेपर म्हणजे अग्रलेख अशी समजूत, तिथे यांनी बातमीला आणि साध्या वाचकाला पुढे आणलं. पुढे केंद्र सरकारने १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश आणून पेपरची पानं किमतीला बांधून टाकली. मोठ्या पेपरांपुढे छोटे टिकावेत असं कारण दिलं होतं. 'सकाळ' सोमवार ते शनिवार मिळून ३४ पानं द्यायचा, नव्या हिशोबाने ७ पैशांत २४च देता येणार, नाहीतर किंमत ८ पैसे करा. परुळेकर सुप्रीम कोर्टात गेले, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे 'सकाळ'च्या वाचकांनीही वेगळ्या याचिका केल्या! सप्टेंबर १९६१ मध्ये कोर्टाने तो कायदा आणि आदेश रद्द केला, कारण किंमत वाढवली तर वाचक कमी होणार आणि पानं कापली तर बातम्या कमी होणार, दोन्हीकडून अभिव्यक्ती स्वातंत्र्यालाच कात्री. आज कायद्याची पोरं हा खटला अभ्यासतात, आणि तो आपल्या पुण्याच्या पेपरचा आहे.

परुळेकर १९७३ मध्ये गेले. मग १९८५ मध्ये पेपर पवार कुटुंबाकडे आला, प्रतापराव पवार म्हणजे शरद पवारांचे धाकटे भाऊ. परुळेकरांच्या कन्या लीलाताईंनी शेअर्सवरून दिलेला लढा पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि निकाल आला २००५ मध्ये. वडिलांनी उभं केलेलं हातातून जाणं काय असतं ते वाचून मन जड झालं. त्याच २००५ मध्ये याच समूहाने 'ॲग्रोवन' हे शेतीचं दैनिक सुरू केलं, गावाकडे माझा चुलतभाऊ तो रोज वाचतो, म्हणजे नव्या मालकांच्या काळात कामही मोठं झालं हे मान्य केलंच पाहिजे.

मग मालक बघून पेपर घ्यायचा का? माझं मत, मालक माहीत पाहिजेच, आणि राजकीय बातमी असेल तर मी दुसऱ्या पेपरातही बघतो, हे कुठल्याही पेपरला लागू. पण पाणी, रस्ता, शाळा, निधन यासाठी शहरातलाच पेपर लागतो. घरात वयस्कर माणूस असेल तर नक्की लावा, फक्त पेपरवाल्याला पावसाळ्यात पिशवीत घालून टाकायला सांगा, माझे तीन अंक ओले झाले आणि त्यातल्या एकात आईचं शब्दकोडं होतं.