इंटिरियर डीप क्लीनच्या नावाखाली गाडीत पाणी ओतलं आणि वरून सेव्हन डी मॅट टाकून झाकलं (ठाणेकरांनो, वाचा)

जुनी गाडी घेतलीय किंवा घेणार आहात, आणि पावसाळ्याआधी एकदा आतून नीट साफ करून घेऊ असं डोक्यात असेल तर हे वाचा. दुकानाचं नाव टाकत नाहीये, तक्रारीचं चालू आहे म्हणून. आणि नाव टाकून फार फरक पडणार नाही, कारण ही ट्रिक बऱ्याच ठिकाणी चालते असं नंतर चारचौघांकडून कळलं.

गाडी 2016 ची आय ट्वेंटी. इंजिन, क्लच, सस्पेन्शन ओळखीच्या मेकॅनिकने तपासलेलं, त्यात काही खोट नाही. त्रास एवढाच की आधीच्या मालकांकडे कुत्रा होता, सीटच्या कापडात केस विणल्यासारखे अडकलेले, आणि मागे कधीतरी दूध सांडलेलं असणार कारण उन्हात गाडी उभी राहिली की आंबूस वास यायचा. दुधाचं वाईट असतं, वरचा डाग पुसला तरी खाली फोममध्ये आणि कार्पेटमध्ये मुरलेलं तसंच राहतं आणि दमट हवेत परत उठतं.

घोडबंदर रोडच्या बाजूला एक डीटेलिंगवाला (गाडी आतून-बाहेरून साफ करून चमकवून देणारा), फोनवर 1,800 म्हणाला. गाडी नेल्यावर दरवाजा उघडून नाक वाकडं केलं आणि म्हणे मॅडम हे साध्या क्लीनिंगने जाणार नाही, प्रीमियम करावं लागेल. प्रीमियम म्हणजे सीट काढून खालपर्यंत शॅम्पू, स्टीम, ओझोन ट्रीटमेंट, एसीची सफाई, नवीन केबिन फिल्टर (गाडीत आत येणारी हवा गाळणारा), आणि वर सेव्हन डी मॅट (गाडीच्या तळाला मापात बसणारी, कडा वर आलेली जाड मॅट) "आमच्याकडून फ्री". 6,500 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 7,670. मधेच "सरांशी बोलून घेता का एकदा" पण झालं. गाडी माझ्या नावावर, पैसे माझे, सर कशाला हवेत काय माहीत.

गाडी संध्याकाळी मिळाली ती अशी चकाचक की विचारू नका. डॅशबोर्डवर तोंड दिसेल एवढं पॉलिश, आणि मोगऱ्याच्या परफ्युमचा एवढा मारा की काचा खाली करून घरी आले. स्टिअरिंग हाताला गुळगुळीत लागत होतं, आणि ब्रेक दाबायला गेले तर चपलेचा तळ पेडलवरून सरकला. हे सिलिकॉनवालं पॉलिश असतं, डॅशबोर्डला मारतात तेच यांनी स्टिअरिंग आणि पेडलला पण मारलेलं. घरी येऊन साबणाच्या पाण्याने पेडल घासून काढले. सांगायचा मुद्दा, तुमच्याकडे असं झालं तर गाडी पुढे नेऊच नका, आधी ते पुसा.

मग पाऊस सुरू झाला आणि मोगरा उतरला. आता आंबूस वास होताच, वर कुबट वासाची भर. सकाळी काचांना आतून बाष्प धरलेलं असायचं, बाहेर पाऊस नसला तरी. आणि बेल्ट लावलेला असताना बेल्टचा लाल दिवा जाईना, मधूनमधून टूं टूं वाजत राहायचं. दुकानदाराला फोन केला तर "मॅडम पावसाळ्यात सगळ्याच गाड्यांना वास येतो, घेऊन या, परत स्प्रे मारून देतो, फ्री". यांचं सगळं फ्रीच असतं.

आमच्याकडे एक सीटकव्हरवाले काका आहेत, टॅक्सी-रिक्षांच्या सीटा शिवण्यात आयुष्य गेलेलं. त्यांच्याकडे नेली. त्यांनी वास वगैरे घेतलाच नाही, सरळ सेव्हन डी मॅटचा कोपरा उचलून कार्पेटवर अंगठा दाबला, आणि अंगठ्याभोवती पाणी वर आलं. चारही बाजूंना तेच. आधी त्यांना वाटलं एसीचा ड्रेन पाइप तुंबला असेल, कारण तो तुंबला की पाणी आत उतरतं, पण ते ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटच्या पायाशी. एसी लावून गाडीखाली बघितलं तर पाणी व्यवस्थित ठिबकत होतं. दरवाज्यांची रबरं पण ठीक. मग म्हणाले "ताई, हे वरून ओतलेलं पाणी आहे. शॅम्पू मारला, पाणी ओढून घ्यायचं मशीन लावलंच नाही, आणि वर मॅट ठोकली."

या सेव्हन डी मॅटचं सांगते कारण ती सगळे हौसेने घेतात. ती खालून वरपर्यंत सगळं झाकते, तिच्याखाली हवा जातच नाही. कार्पेट कोरडं असेल तर एक वेळ चालेल, पण ओल्या कार्पेटवर टाकली की ते पाणी तिथेच बसून राहतं. आणि फ्री का दिली तेही कळलं, मॅट नसती तर मी पहिल्याच दिवशी पाय ठेवला असता आणि मोजा ओला झाला असता.

पुढचं बघून तर डोकंच फिरलं. सीट काढल्या म्हणे. पुढची सीट चार बोल्टवर बसलेली असते आणि पाना लागला की बोल्टच्या डोक्यावर घासल्याचा चकचकीत व्रण पडतोच. माझ्या बोल्टवर जुनी धूळ जशीच्या तशी चिकटलेली, मागच्या दोन बोल्टवरच्या प्लास्टिकच्या टोप्या पण हललेल्या नाहीत. काकांनी खरोखरच सीट काढल्या तेव्हा खाली रेलवर ताजा तांबूस गंज, सीटखालच्या वायरच्या कनेक्टरमध्ये ओल (तोच बेल्टचा दिवा), कार्पेटखालचा नमदा म्हणजे तो जाड फेल्टचा थर भिजून जड झालेला आणि त्याच्या कडेने पांढरी बुरशी. आणि मागच्या सीटच्या फटीत कुत्र्याचे केस गोळे होऊन तसेच! ज्यासाठी गाडी दिली तेच राहिलं.

केबिन फिल्टर बघायला तर मेकॅनिक पण लागत नाही. या गाडीत समोरचा ग्लोव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी दाबून खाली सोडला की मागे फिल्टरचं झाकण दिसतं. मी ओढून काढला तर काळाकुट्ट, घड्यांमध्ये सुकलेली पानं अडकलेली. बिलात मात्र "केबिन फिल्टर न्यू" आणि पुढे 650.

ओझोनचं पण नाटकच. मी उभी असताना एक निळा दिवा लागणारा डबा सीटवर ठेवला आणि म्हणाले ओझोन चालू आहे, आणि त्याच वेळी त्यांचा पोरगा आत बसून व्हॅक्युम फिरवत होता. खरा ओझोन हा श्वासाला त्रास देणारा वायू आहे, गाडी बंद करून माणसं बाहेर ठेवून तो सोडतात, नंतर दरवाजे उघडून हवा खेळू देतात. म्हणजे एकतर डबा खोटा, नाहीतर त्या पोराच्या फुप्फुसांची यांना पर्वा नाही. आणि खरा असता तरी जोवर दूध फोममध्ये आहे तोवर वास परत येणारच.

व्हॉट्सॲपवर काम चालू असतानाचे फोटो पाठवलेले, सीट बाहेर काढलेल्या, कार्पेट उघडं. तेव्हा छान वाटलेलं. नंतर नीट झूम करून बघितलं तर फोटोतल्या गाडीला ऑटोमॅटिक गिअर. माझी मॅन्युअल आहे हो!

बिल पण बघण्यासारखं. जीएसटी 18 टक्के लावलेला पण जीएसटी नंबरच नाही. हा नंबर 15 अक्षरी असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो आणि जीएसटीच्या वेबसाइटवर टाकून कोणीही तपासू शकतं. ज्याचं रजिस्ट्रेशन नाही त्याला ग्राहकाकडून हा टॅक्स घ्यायचा अधिकारच नाही. म्हणजे रजिस्ट्रेशन नसेल तर 1,170 रुपये सरळ त्याच्या खिशात.

काकांकडचे फोटो, बोल्टचे, फिल्टरचे, बुरशीचे, आणि तो ऑटोमॅटिकवाला फोटो, सगळं एकत्र करून दुकानदाराला लेखी पाठवलं आणि पैसे परत मागितले. आधी उत्तर नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर तक्रार नोंदवली आणि तो तक्रार क्रमांक त्याला पाठवला, तेव्हा "गैरसमज झाला मॅडम" म्हणून 2,500 परत आले, तेही कुठल्या तरी तिसऱ्याच माणसाच्या यूपीआयवरून. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइन ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून अर्ज करता येतो आणि प्रकार घडल्यापासून 2 वर्षांच्या आत करायचा असतो. कागद जपून ठेवा एवढंच.

काकांनी काय केलं ते पण सांगते, कारण काही जण विचारतील. सीटा, कार्पेट, नमदा सगळं बाहेर. नमदा टाकून नवा कापून बसवला, तो बुरशीचा धुण्यात अर्थ नव्हता. केस रबरी हातमोजा घालून एकाच दिशेने ओढत काढले, व्हॅक्युमपेक्षा ते भारी निघतात. दुधाच्या जागी एन्झाइमवालं क्लीनर लावून मुरू दिलं आणि वेट व्हॅक्युमने ओढून घेतलं. छताच्या कापडाला पाणी अजिबात लावलं नाही, नुसतं पिळलेल्या मायक्रोफायबरने पुसलं, कारण ते गोंदाने चिकटवलेलं असतं आणि भिजलं की लोंबतं. कनेक्टर साफ करून सुकवला, दिवा गेला. पावसाने उघडीप दिली नाही म्हणून कार्पेट पंख्याखाली वाळवायला वेळ लागला, गाडी त्यांच्याकडेच ठेवावी लागली, रिक्षाने फिरले. नमद्यासकट 4,200 घेतले, परफ्युम मारू का विचारलं, मी नको म्हणलं.

तुमची गाडी कोणाकडे दिलीत तर पैसे द्यायच्या आधी मॅट उचलून चारही कोपऱ्यांत टिशू पेपर दाबून बघा, बोल्ट बघा, फिल्टर स्वतः ओढून बघा. डिकीतला जॅक आणि पाना पण मोजून घ्या, माझा पाना गेलाय, आणि त्याचा पुरावा काही माझ्याकडे नाही.